बर्थाबाईंच्या रस्त्यानं ब्रूटसकडे

मानहाइम हे प्रवाशांनी मुद्दाम वाट वाकडी करून बघावं असं शहर नव्हे. ऱ्हाइन आणि नेकार या नद्यांच्या संगमावर वसलेलं, कारखान्यांचं, पट्टीनं रेघा मारून आखलेलं गाव. मध्यवस्तीतल्या चौकोनांना नावं नाहीत, एक अक्षर आणि एक आकडा एवढाच त्यांचा पत्ता. हायडेलबर्गचा किल्ला बघायला निघालेले लोक इथं आगगाडी बदलतात आणि पुढं जातात. पण ज्याला चाकांचं वेड आहे त्यानं इथं उतरावं. १८१७ साली कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थानं पायांनी जमीन ढकलत पळवायची दुचाकी याच गावातून बाहेर काढली आणि श्वेत्सिंगेनच्या दिशेला फेरी मारून परत आणली. १८८६ साली कार्ल बेंझनं इथंच आपल्या तीन चाकी मोटारीचं पेटंट घेतलं. १९२१ साली हाइनरिख लान्झच्या कारखान्यातून ‘बुलडॉग’ ट्रॅक्टर बाहेर पडला. सायकलीचा पूर्वज, मोटार आणि शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, तिन्ही शंभर-सव्वाशे वर्षांत एकाच गावातून!

श्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या भाच्यानं माझ्यासाठी वेगळाच बेत आखला होता. त्यात काळं जंगल होतं, बव्हेरियातला तो कॅलेंडरवरचा किल्ला होता, एक तळंही होतं.

“मामा, सगळे लोक इथं आल्यावर किल्ले बघतात.”

“किल्ले आपल्याकडं कमी आहेत काय?” मी म्हटलं. “पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहतो मी. मला ब्रूटस दाखव.”

ब्रूटस म्हणजे विमानाचं इंजिन बसवलेली मोटार, हे त्याला ठाऊक नव्हतं. गाड्यांच्या कारखान्यांच्या गावात राहून याला ब्रूटस माहीत नाही, याचं मला नवल वाटलं. मग वाटलं, रोज कंप्यूटरवर ब्रेकच्या सॉफ्टवेअरशी झुंजणाऱ्या पोराला इंजिनाच्या गमतीजमती कुठून कळणार?

माझं वेड जरा तिरकं आहे, ते आधीच सांगतो. शोरूममधल्या चकचकीत गाडीपुढं मी फार वेळ उभा राहू शकत नाही. ती कितीही महाग असो, कुणीतरी आधीच सगळे निर्णय घेऊन टाकलेले असतात. मला ती गाडी आवडते जिच्यात कारखान्यानंतर आणखी कुणाचा तरी हात लागलेला दिसतो. मी वाढलो कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगराजवळ. शाळेच्या वाटेवर लेथ फिरत असायचे, फाउंड्रीतून लालभडक रस ओतला जात असायचा, आणि एखाद्या शेडबाहेर जीपचं बॉनेट काढून चार माणसं आत डोकी घालून उभी असायची. तिच्यात ट्रॅक्टरचं इंजिन बसवता येईल का, गिअरबॉक्सचं माप जुळेल का, मधली प्लेट कोण टर्न करून देईल, असली चर्चा चालायची. त्या चर्चेचा मला जो नाद लागला तो सुटला नाही. माझ्याकडं महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आहे. तिचं प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं डिझेल इंजिन अजून मूळचंच आहे, आणि ते मूळचंच का राहिलं याची गोष्ट पुढं येईल.

मानहाइमपासून एक रस्ता निघतो. त्याच्या कडेला ठिकठिकाणी तपकिरी पाट्या आहेत, बर्था बेंझचं नाव लिहिलेल्या. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये या बाई पहाटे नवरा झोपेत असताना दोन पोरांना घेऊन त्याची मोटार काढून निघाल्या. थोरला युजेन पंधरा वर्षांचा, धाकटा रिचर्ड त्याहून लहान. जायचं होतं माहेरी, फोर्टस्हाइमला, शंभर किलोमीटरच्या वर. तोवर मोटार म्हणजे गावातल्या गावात फेरी मारून लोकांना चकित करायची वस्तू. कार्लसाहेब हुशार, पण विक्रीच्या बाबतीत बुजरे. बाईंनी आपला हुंड्याचा पैसा या धंद्यात घातलेला होता. आपलं यंत्र चालतं हे जगाला दाखवायचं तर ते रस्त्यावर नेलं पाहिजे, हे त्यांना नवऱ्याआधी कळलं.

भाच्यानं भाड्यानं घेतलेली गाडी म्हणजे एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, पांढरा रंग, आत प्लास्टिकचा वास. लाडेनबुर्गला बेंझच्या जुन्या कारखान्यात आता मोटारींचं संग्रहालय आहे. तिथं १८८६ च्या त्या तीन चाकीची प्रतिकृती जवळून बघितली. एक सिलिंडर, ९५४ सीसी, पाऊण अश्वशक्ती. मागं आडवं पसरलेलं भलंमोठं फ्लायव्हील. इंजिनापासून चाकांपर्यंत पट्टा आणि साखळी. सगळं उघडं. कुठला भाग कशाला हलवतो ते बोट ठेवून सांगता येतं. भाचा बराच वेळ त्या साखळीकडं बघत राहिला. “मामा, ह्यात सेन्सर एकपण नाही,” असं शेवटी म्हणाला. त्याच्या दृष्टीनं ही मोठी कमतरता होती की मोठं सुख, ते कळलं नाही.

तिथून वीसलोखला गेलो. इथल्या औषधाच्या दुकानात बर्थाबाईंनी लिग्रोइन विकत घेतलं. त्या काळी ते कपड्यांवरचे डाग काढायला वापरत, आणि बेंझच्या इंजिनाला तेच लागे. दुकान अजून आहे, बाहेर स्मारक आहे, आणि जगातला पहिला पेट्रोल पंप अशी त्याची ख्याती आहे. आतमध्ये आजीबाई खोकल्याचं औषध घेत होत्या. मी बाहेर बाकावर बसून त्या प्रवासाचा हिशेब मनात मांडत होतो. इंधनाची नळी तुंबली तेव्हा बाईंनी टोपीच्या पिनेनं ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेचं वेष्टण झिजलं तेव्हा पायमोज्याचा गार्टर काढून तिला गुंडाळला. पाणी तर सारखंच भरावं लागे, कारण इंजिन थंड ठेवायला पाणी उकळून वाफ होऊ द्यायची एवढीच सोय होती. चढ लागला की पोरं उतरून ढकलत. उतारावर लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा एका गावात चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक-लायनिंगची सुरुवात ही. परत आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा म्हणून सांगितलं, आणि कार्लनं तो बसवला.

आता मला सांगा, गाडीत फेरफार करणारं पहिलं माणूस कोण? गाड्या ‘मॉडिफाय’ करणं म्हणजे दाढी राखलेल्या, काळे टी-शर्ट घातलेल्या पुरुषांचा उद्योग, असं समजणाऱ्यांना मी वीसलोखला पाठवीन. गरज रस्त्यावर कळली, हाताशी होतं त्यातून भागवलं, आणि परत येऊन बनवणाऱ्याला सुनावलं. उद्यमनगरातल्या त्या चार डोक्यांचं याहून वेगळं काय चालायचं?

फोर्टस्हाइमपर्यंतचा उरलेला रस्ता आम्ही सोडला आणि ब्रूटस जिथल्या संग्रहालयात असतो त्या झिन्सहाइमकडं वळलो. महामार्गावर जिथं वेगमर्यादेची पाटी नव्हती तिथं भाच्यानं आमचं एक लिटर दीडशेच्या जवळ नेलं, ते कण्हायला लागलं, आणि तेवढ्यात डावीकडून एक करडी स्टेशन वॅगन सर्रकन निघून गेली. मागच्या काचेत कुत्रा बसलेला. गाडीवर कसलंही चिन्ह नाही, पट्टे नाहीत, पंख नाहीत. इथल्या काही लोकांना ताकदवान गाडी घेऊन तिच्यावरची ताकदीची अक्षरं काढून टाकायची हौस असते. आपल्याकडं नेमकं उलटं, साध्या गाडीवर स्पोर्टचा बिल्ला चिकटवतात. दोन्हींतली कुठली हौस जास्त शहाणी ते ठरवायचं कारण नाही, पण मला ते कुत्रं फार आवडलं.

झिन्सहाइम लांबूनच कळतं. महामार्गावरून बघावं तर संग्रहालयाच्या इमारतीच्या छपरावर दोन विमानं नाकं वर करून उभी. एक एअर फ्रान्सचं काँकर्ड, दुसरं रशियन टुपोलेव्ह १४४. आवाजाहून वेगानं प्रवासी नेणारी जगात हीच दोन जातींची विमानं झाली, आणि ती दोन्ही शेजारी शेजारी फक्त इथंच बघायला मिळतात. २००३ साली काँकर्ड जवळच्या विमानतळावर उतरवलं, मग तराफ्यावर चढवून नदीतून आणि शेवटी रस्त्यानं इथं आणलं. हे संग्रहालय सरकारनं उभारलेलं नाही. जुन्या यंत्रांचा नाद असलेल्या मंडळींनी एकत्र येऊन १९८१ साली ते सुरू केलं, आणि वर्षाचे ३६५ दिवस ते उघडं असतं. हौशी माणसांची ही खूण आहे. पगारी माणूस सोमवारी दार बंद ठेवतो.

आत मी पहिल्यांदा ‘ब्लू फ्लेम’ गाठली. निळीशार, लांबच लांब नळी, पुढं टोक, मागं शेपूट, खाली चाकं. २३ ऑक्टोबर १९७० ला अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर गॅरी गॅबेलिच हिच्यात बसला आणि ताशी हजार किलोमीटरचा टप्पा ओलांडणारा जमिनीवरचा पहिला माणूस ठरला. नेमका आकडा १००१.६७. तिच्यात इंजिन नाही, रॉकेट आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि द्रवरूप नैसर्गिक वायू यांच्यावर ते चालायचं, कारण पैसा अमेरिकेतल्या नैसर्गिक वायूच्या धंद्यानं पुरवला होता. आपल्या मालाची जाहिरात करायला एखाद्या धंद्यानं रॉकेटगाडी बनवावी, हे त्या काळातच शक्य होतं. चाकांना इथं काही काम नाही, ती फक्त फिरत राहतात. त्यामुळं तिला मोटार म्हणावं की नाही यावर मी आणि भाचा भांडलो. तो म्हणाला, जमिनीला टेकली आहे ना, मग मोटार. मी म्हणतो, जिथं चाक जमिनीला ढकलत नाही तिथं ती मोटार नव्हे, बिनपंखांचं विमान. गॅबेलिचचा विक्रम १९८३ पर्यंत टिकला. तो पुढं १९८४ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला, साध्या रस्त्यावर.

आणि मग ब्रूटसची जागा. रिकामी!

पहारेकऱ्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला, श्पायरला गेलाय. श्पायरला याच मंडळींचं दुसरं संग्रहालय आहे. मे महिन्यात तिथं ‘ब्राझेलटाग’ नावाची जत्रा भरते. त्या शनिवार-रविवारी जुनी यंत्रं दालनांतून बाहेर काढून चालवतात. भाच्यानं ते आधीच बघून ठेवलं होतं, आणि मला मुद्दाम सांगितलं नव्हतं. ब्रूटस माहीत नसलेल्या पोरानं एका रात्रीत इतका अभ्यास केला होता.

दुसऱ्या दिवशी होकेनहाइमवरून गेलो. इथल्या शर्यतीच्या मार्गावर ७ एप्रिल १९६८ ला शर्यतीचा ड्रायव्हर जिम क्लार्क मरण पावला. जंगलातून जाणारे ते लांब सरळ पट्टे २००२ मध्ये उखडले आणि तिथं झाडं लावली. थांबायला वेळ नव्हता, भाचा म्हणाला पार्किंग मिळणार नाही.

पार्किंग मिळालं, आणि माझा निम्मा वेळ तिथंच गेला. जत्रेला आलेल्या लोकांच्या गाड्या बघायला तिकीट लागत नाही. जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसवलेली एक जुनी गोल्फ होती, रंग बिस्किटी, चाकं रुंद. मी तिच्याभोवती फिरायला लागलो, तसा मालक उठून आला. जाडजूड, साठीचा, हातावर ग्रीसच्या जुन्या रेषा. माझं जर्मन ‘गुटन टाग’ला संपतं, म्हणून भाचा मध्ये उभा राहिला. स्प्रिंगा बदलल्या आहेत, ब्रेक मोठ्या मॉडेलचे आहेत, इंजिन मूळ जागी पण दुसऱ्या गाडीचं. मी विचारलं, पोलिसांचं काय? त्यानं दार उघडलं, डॅशबोर्डच्या कप्प्यातून फायलींचा एक गठ्ठा काढला आणि बॉनेटवर पसरला. प्रत्येक बदलाची नोंद. स्प्रिंगांचं प्रमाणपत्र, चाकांच्या मापांचं, ब्रेकचं, इंजिनाचं. ‘ट्यूफ’ या वाहन-तपासणी संस्थेच्या तपासनिसानं गाडी बघायची, चाचणी घ्यायची, सुरक्षित वाटली तर बदल गाडीच्या कागदांत चढवायचा. नोंद नसेल तर गाडीचा परवानाच बाद होऊ शकतो. मोजून सगळे शिक्के दाखवताना त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो इंजिन दाखवतानासुद्धा नव्हता.

माझी जीप मूळच्या इंजिनावर का राहिली, ते इथं सांगतो. आपल्याकडं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ स्पष्ट केला की कारखान्यानं ठरवून दिलेलं मूळ स्वरूप बदलेल असा फेरफार वाहनात करता येणार नाही. निकालामागची काळजी मला पटते. हायवेवर बंपरच्या जागी लोखंडी गर्डर लावलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत, समोरच्याला तो बंपर काय करील ते सांगायला नको. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर पोलीस रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात, तेव्हा मी टाळ्या वाजवणाऱ्यांत असतो. दुसऱ्याच्या झोपेवर आपली हौस भागवणाऱ्याला मी गाडीवेडा मानत नाही. पण चांगला बदल आणि वाईट बदल यांतला फरक सांगणारा तपासनीस नसला की दोघंही एकाच दारातून बाहेर काढले जातात. मग हात असलेला मिस्त्री गल्लीत काम करतो आणि कागदावर काही येत नाही. त्या गोल्फवाल्याच्या गठ्ठ्याचा मला हेवा वाटला. गाडीचा वाटला नाही, माझी जीप तिच्यापेक्षा देखणी आहे.

श्पायरच्या आवारात लुफ्तान्साचं अख्खं बोइंग ७४७ खांबांवर तिरकं चढवून ठेवलं आहे. आत जाऊन पंखावर उभं राहता येतं, आणि खाली यायला घसरगुंडी आहे. मी तिच्यावरून आलो. भाचा जिन्यानं आला.

मग ब्रूटस बाहेर निघाला. त्याची जात समजून घ्यायची तर इंजिन आधी. बीएमडब्ल्यू-सहा नावाचं विमानाचं इंजिन, १९२० च्या दशकातलं, बारा सिलिंडर, जवळजवळ ४७ लिटर. एकेका सिलिंडरचा व्यास १६ सेंटिमीटर. ‘झेपेलिन’ म्हणून ओळखली जाणारी, मागं पंखा लावलेली ती आगगाडी १९३१ साली ताशी २३० किलोमीटरनं धावली, तिच्यातही हेच इंजिन होतं. ते संग्रहालयाच्या लोकांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या एका अमेरिकन लाफ्रान्स चॅसीवर बसवलं. लाफ्रान्स म्हणजे आगीचे बंब बनवणारी कंपनी. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत विमानांवर बंदी आली, तेव्हा बेकार झालेली इंजिनं मोटारींत घालायची कल्पना लोकांना सुचली होती, त्या कल्पनेचं हे उशिरा जन्मलेलं अपत्य. मागच्या चाकांना ताकद साखळ्यांनी जाते. बर्थाबाईंच्या गाडीत होत्या तशाच, फक्त कडी मनगटाएवढी.

ताकद ५०० अश्वशक्ती, तीसुद्धा मिनिटाला १५०० फेऱ्यांवर. आता गंमत बघा. लिटरमागं हिशेब केला तर ब्रूटसला अकरा अश्वशक्तीसुद्धा मिळत नाही. आमच्या भाड्याच्या पांढऱ्या गाडीला एका लिटरात शंभरच्या वर. तंत्राच्या परीक्षेत ब्रूटस नापास. पण ५०० अश्वशक्ती इतक्या कमी फेऱ्यांवर हवी तर दांड्याला पीळ तेवीसशे न्यूटन-मीटरच्या वर घालावा लागतो, आणि तो पीळ कानाला नाही, बरगड्यांना कळतो. विमानाचा पंखा फार जोरात फिरवून चालत नाही, म्हणून हे इंजिन मुळातच हळू फिरून जोर देणारं बनवलेलं. ते रस्त्यावर आणलं की त्याचा सगळा जोर नको तिथं, नको तेव्हा हजर होतो.

चालवणारा मागच्या चाकांच्या जवळ, उघड्यावर बसला होता. दोघं मदतनीस बाजूला. पहिल्यांदा नुसता धूर, मग एका बाजूच्या आखूड नळ्यांतून एक जाळ, मग दुसऱ्या बाजूनं, मग सगळीकडून. गर्दी मागं सरकली. मी पुढं झालो आणि भाच्यानं शर्ट धरला. गाडी हलली तेव्हा मागची चाकं जागच्या जागी फिरली, रबर जळलं, आणि मगच तिनं पुढं जायचं मनावर घेतलं. चालवणाऱ्याच्या चष्म्यावर तेलाचे ठिपके उडालेले होते, तो ते कोपरानं पुसत होता. या गाडीचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही. ती कुणाला कुठं पोचवत नाही. मोठ्या माणसांनी वर्षानुवर्षं सुट्ट्यांचे दिवस घालून ती केली, आणि आज मैदानातले सगळे, आज्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत, दात विचकून हसत होते.

ब्रूटस गेल्यावर लोक खाण्याच्या गाड्यांकडं वळले. मी लान्झ बुलडॉगच्या रांगेकडं गेलो. एक म्हातारा ट्रॅक्टर सुरू करायच्या तयारीत होता. समोरच्या लोखंडी गोळ्यावर ब्लोलँप लावून ठेवलेला, गोळा तापून लाल व्हायला लागलेला. मग त्यानं स्टिअरिंग दांड्यासकट उपसून काढलं आणि बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खुपसलं. याला सुरू करायचा हँडल तोच. एकच सिलिंडर, तापलेल्या गोळ्यावर इंधन पडून पेट घेणारं. फ्लायव्हील मागं-पुढं झुलवत न्यायचं, इंजिन पकडतंय असं वाटलं की स्टिअरिंग चटकन काढून घ्यायचं, नाहीतर हात मोडतो. म्हाताऱ्यानं माझ्या नजरेत काय बघितलं कोण जाणे, तो बाजूला झाला आणि स्टिअरिंगकडं बोट दाखवलं.

मी झुलवलं. दुसऱ्या झोक्याला त्यानं हुंकार दिला, तिसऱ्याला पकडलं, आणि मी हात मागं घेतला. धक् धक् धक्, मध्ये एक ठोका चुकवून पुन्हा धक्, कागलकडच्या गुऱ्हाळावर पहाटे ऐकू यायचं ते इंजिन जसं. म्हातारा खाली वाकून फ्लायव्हीलकडं बघत होता. भाच्यानं विचारलं तेव्हा कळलं, हे इंजिन कधी कधी उलट्या दिशेनंही सुरू होतं, आणि मग पुढचा गिअर टाकला की ट्रॅक्टर मागं जातो. यावेळी सुलटं होतं. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, तेलाचा पंजा शर्टावर उमटला.

पार्किंगकडं परतताना भाचा गप्प होता. मला वाटलं, पोरगा विचारात पडला असेल. गाडीशी पोचल्यावर त्यानं डिकीतून कागदी रुमालांचा पुडका काढून माझ्या हातात दिला.

“मामा, आधी हात पुसा. सीट भाड्याची आहे, डाग पडला तर डिपॉझिट कापतील.”

“लिग्रोइन आण की,” मी म्हटलं. “वीसलोख वाटेतच आहे.”